मधल्या माळाची ओटी

१२ सप्टेंबर २००६

मोटर जळाली. पुन्हा! गणपती उठायच्या आत वायंडिंग करून आणली होती, आज सकाळी धूर. आठवडासुद्धा टिकली नाही.

उजाडताच दारात हंडे घेऊन बायका. साळुबाई सगळ्यांत पुढे. "सरपंचबाई, नळ तर बसिवलं. आता त्यात पानी कवा बसिवताय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग आत आले आणि हंडा आपटला. आपलाच. त्याला पोचा पडला.

सरपंचपद बाईसाठी राखीव झालं म्हणून मला बसवलंय, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी बसताना एक शब्द दिला होता. कमान नाही, सभामंडप नाही — नळाला रोज पाणी. विहीर भरलेली आहे, टाकी आहे, पाइप आहेत. नाही ते फक्त व्होल्टेज. बारा-बारा तास भारनियमन, आणि लाइट येते तेव्हा बल्बमधली तार नुसती लाल होते. वायरमन म्हणतो, "काकू, आपलं गाव लाइनीच्या पार शेपटाला. वरच्या समद्या गावांचं भागून उरंल ते आपलं."

उरत काहीच नाही.

१५ सप्टेंबर

वीज ऑफिसात गेले. हे बरोबर येतो म्हणाले, मी नको म्हटलं. हे आले की साहेबलोक ह्यांच्याशीच बोलतात आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसते.

इंजिनिअर तरुण आहे, नीट बोलतो. खुर्ची दिली. म्हणाला, तुमच्या भागाला सबस्टेशन मंजूर आहे. मला वाटलं उठून फुगडीच घालावी! वीज थेट आपल्या दारातून निघणार, शेपूट नाही, टोक नाही. मोटर जळायचं कारणच राहणार नाही.

मग म्हणाला, "जागा फक्त एकच बसते. मधला माळ. मोठी लाइन तिथूनच जाते, सरकारी गायरान आहे. तुमच्या गावची आणि आंबेदऱ्याची ना-हरकत आणा. मार्चअखेर नाही आली तर दुसरीकडे जाईल."

मधला माळ! तालुक्यात एवढे माळ पडलेत, ह्यांना हाच सापडला.

आमचं शिरसगव्हाण जुन्नर तालुक्यात. आंबेदरा आंबेगाव तालुक्यात. मधे ओढा, तीच शीव. पण माझ्या आजोबांच्याही आधी कधीतरी एका पुरात ओढ्यानं आपली वाट बदलली, आणि तेव्हापासून माळ कुणाचा हे कुणालाच माहीत नाही आणि सगळ्यांनाच माहीत आहे. जुन्नरच्या नकाशात आमचा, आंबेगावच्या नकाशात त्यांचा. त्यावरून डोकी फुटलीत. कोर्टात दावा पडून आहे, भांडणारे मेले, त्यांची पोरं भांडतायत. होळीसुद्धा दोन्ही गावं तिथे आपापली वेगळी पेटवतात — आणि कुणाची ज्वाला उंच गेली ते मोजतात.

शिरसगव्हाण माझं सासर. आंबेदरा माझं माहेर. आणि आंबेदऱ्याचा सरपंच गेणू माझा सख्खा थोरला भाऊ. बोला!

१६ सप्टेंबर

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू यात पडू नगंस." पडू नको म्हणे! खुर्चीवर बसवलंय कशाला मग, पंखा घ्यायला? पंखाही चालत नाही.

२७ सप्टेंबर

ग्रामसभा. दोन तास. ठराव शून्य.

मी म्हटलं, सबस्टेशन माळावर होऊ दे, आंबेदऱ्याची ना-हरकत आपण मागू, आपली त्यांना देऊ. उपसरपंच भिकाजीराव उठले. ह्या माणसाला उठायला फार आवडतं. "ना-हरकत मागायची म्हंजी काय? माळ त्येंचा हाय म्हनूनच मागायची ना? आन आपली द्यायची, म्हंजी त्येंनी आपल्या हद्दीत काम करायला आपली हरकत न्हाई! दोनीकडनं आपनच मेलो."

टाळ्या.

मी विचारलं, तारा काय हद्द बघून पळणार आहेत का? खांब कुणाच्याही बाजूला असो, दिवा दोन्हीकडे लागणार. भिकाजीराव म्हणाले, "दिवा आज न्हाई उद्या लागंल. गेलेली शीव परत येत न्हाई." पुन्हा टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत एकही बाई नव्हती. त्या सगळ्या पाणी आणायला गेल्या होत्या.

१ ऑक्टोबर

दादाकडे निरोप पाठवला होता. त्यानं आपल्या गावात सभा घेतली. तिकडेही तेच! शब्दही तेच असावेत, फक्त गावाचं नाव बदलून. निरोप्या सांगत होता, कुणीतरी म्हणालं, "लेक आपली, पन आता ती शिरसगव्हानची. तिच्या गोड बोलन्याला भुलू नगा." आणि इकडे भिकाजीराव पारावर म्हणतात, "बाई आपली, पन रगत आंबेदऱ्याचं."

म्हणजे मी कुणाचीच नाही. छान.

९ ऑक्टोबर

लाइट असताना बातम्या पाहिल्या. इराणातून गॅसची नळी आणायची बोलणी कित्येक वर्षं चालू आहेत म्हणे. पण नळी पाकिस्तानातून येणार. त्यांनी मधेच तोटी बंद केली तर? त्यांना पैसे द्यायचे म्हणजे झुकल्यासारखं का? टाय लावलेली माणसं तावातावानं बोलत होती. मला हसूच आवरेना. टाय काढून टोप्या घातल्या तर आमची ग्रामसभाच!

प्राची म्हणाली, "आई, आपला मधला माळ म्हणजे काश्मीर आहे." बारावीला आहे, जीभ माझी घेतलीय. "आणि तू भारत पण आहेस आणि पाकिस्तान पण." मी म्हटलं, मग मला व्हिसा कोण देणार? तेवढ्यात लाइट गेली. इराणच्या गॅसचं काय ठरलं ते कळलंच नाही.

२४ ऑक्टोबर — भाऊबीज

आजचं आजच लिहायला हवं.

दुपारी माहेरी गेले. एरवी घरचीच चार माणसं असतात. आज ओसरीवर आंबेदऱ्याचे पंच बसलेले. मला वाटलं फराळाला बोलावलं असेल. दादाला ओवाळलं. त्यानं ताटात पाकीट टाकलं, नेहमीसारखं. वहिनीनं ओटी भरली — गहू, नारळ, हिरवं लुगडं. पदर पुढे धरून उभी होते, तेवढ्यात दादा उठला. रुमालात काहीतरी होतं. ते त्यानं माझ्या ओटीत घातलं. माती! आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आंबेदऱ्यानं मधला माळ आपल्या लेकीला चोळीबांगडीला दिला. आता तिथं सबस्टेशन बांध न्हाईतर झेंडूचा मळा लाव. आमची हरकत न्हाई."

पंचांनी माना हलवल्या. कुणीतरी "लई मोठं मन केलंस गेणू" म्हणालं. वहिनी डोळे पुसत होती. मीही रडले. लेकीला चोळीबांगडीला जमीन द्यायची रीत जुन्या लोकांची, आता कोण देतं? इथे तर वावराच्या बांधावरून भाऊ-बहिणी कोर्टात. आणि माझ्या भावानं ज्या माळासाठी आमच्या वडिलांचं डोकं फुटलं होतं, तो माळ माझ्या पदरात टाकला. त्यांचा मान राहिला, आमचं काम झालं. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं कुणाला का सुचलं नाही?

दादा माझा. मला आज फार श्रीमंत वाटतंय.

२५ ऑक्टोबर

मूर्ख आहे मी.

सकाळी पारावर बातमी माझ्या आधी पोचली होती. भिकाजीराव दारात, मागे अर्धं गाव. "सरपंचबाई, दिलं कुनी?" मी म्हटलं, आंबेदऱ्यानं. "ज्येचं असतंय त्योच देतोय. आन तुमी घेतलं! पदर पसरून घेतलं! म्हंजी माळ त्येंचा व्हता, हे शिरसगव्हानच्या सरपंचानं पंचांदेखत कबूल केलं!"

मी सांगितलं, मी सरपंच म्हणून नाही गेले, बहीण म्हणून गेले होते. "मंग माळ बहिनीला मिळाला. गावाला काय मिळालं?"

ओटी भरत असताना पदर मागे कसा घेणार? कोणती बाई घेते? सख्खा भाऊ समोर, वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी — आणि मी म्हणायचं, थांबा, आधी ग्रामसभेला विचारून येते?

जेवताना हे म्हणाले, "मातीचं काय करायचं?" मी ओटीचं सगळं तसंच बांधून देवघरात ठेवलंय. हात लावायचा धीर होत नाही.

२६ ऑक्टोबर

दादानं हे मुद्दाम केलं असेल का?

नाही. मी असा विचार करायला नको होता. लिहून झालं, आता खोडत नाही.

१९ नोव्हेंबर

खासदारसाहेब आले होते. दोन्ही तालुक्यांत त्यांचंच चालतं, म्हणून दोन्ही गावांना एकत्र बोलावलं, नारायणगावला एका मंगल कार्यालयात. आमचे लोक डावीकडे, त्यांचे उजवीकडे, मधे एवढी वाट सोडलेली की लग्नाची वरात गेली असती. मी आणि दादा स्टेजवर. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी पाहिलं नाही. मग मी पाहिलं, त्यानं पाहिलं नाही.

साहेब छान बोलतात. "सबस्टेशन तुमच्या दारात उभं आहे, फक्त तुम्ही कडी काढा. तुमचं तुम्ही मिटवा, दुसऱ्या दिवशी काम सुरू करतो. शब्द माझा." टाळ्या दोन्ही बाजूंनी! इतकी वर्षं कशावर एकमत झालं नव्हतं, ते टाळ्यांवर झालं.

बाहेर पडताना साहेबांना गाठलं. म्हटलं, तुम्हीच का नाही सांगत दोघांना, अमुक करा म्हणून? तुमचं दोन्हीकडे ऐकतात. हसले. "ताई, मी एकाला सांगितलं तर दुसरा मला मत देईल का?"

निदान खरं तरी बोलले.

११ डिसेंबर

मोटर तिसऱ्यांदा जळाली. रिवायंडिंगवाला म्हणाला, "हिला आता सोडा, ती थकली." मी पण.

बायका मधल्या माळावरच्या झऱ्यावर जायला लागल्यात. मीही गेले आज, हंडा घेऊन. सरपंच गेली म्हणून पाणी चढत नाही, पण घरी बसवेना. तिथे चिमाबाईची मेंढरं पाण्यावर होती. बिरदेव मेंढक्याची आई ती. तीन पिढ्या हे धनगर लोक माळावरच राहतात, दोन्ही गावांच्या यात्रांना बकरं देतात, आणि दोन्ही गावांच्या मतदारयाद्यांत त्यांचं नाव नाही.

चिमाबाईनं मला बसायला घोंगडीचं टोक दिलं. म्हणाली, "बाय, तुमी दोन गावं ह्यो माळ एकमेकाला देताय, घेताय, परत मागताय. आमी हितं ऱ्हातो. आमाला इचारलं का कुनी?" मी म्हटलं, तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "आता इचार." म्हटलं, बरं, सांगा, सबस्टेशन व्हावं का? "व्हऊ दे की! माज्या नातवाला बी दिवा लागंल. पन मेंढरं कुठं न्यायची त्ये पयलं सांग."

इंजिनिअरला विचारून सांगते म्हटलं. ती हसली आणि मेंढरं वळवायला उठली.

१२ डिसेंबर

साळुबाई झऱ्याच्या वाटेवर घसरली. खुबा मोडला. मंचरला नेलंय.

हंडा डोक्यावर होता तेव्हा.

१४ डिसेंबर

दवाखान्यात गेले. साळुबाई मला बघून म्हणाली, "या सरपंचबाई. हितं नळाला पानी हाय बगा." चेष्टाच केली तिनं. नेहमीसारखी. मला मात्र तिथे उभं राहवेना.

आता हे पाणी माझ्या शब्दाचं राहिलेलं नाही. तिच्या हाडाचं झालंय.

८ जानेवारी २००७

भिकाजीरावांना मी घरी बोलावलं. चहा दिला. म्हटलं, सरळ सांगा, काय केलं म्हणजे ठरावाला हात वर कराल? त्यांनी चहा संपवला, बशी पुसल्यासारखी चाटली, मग बोलले. "वटी परत करा. शिवंच्या दगडावर, दोनी गावांदेखत. आमी घेतलं न्हाई, तवा त्येंचं व्हतं हे बी ठरत न्हाई. मंग मी सोता ठराव मांडतो."

भरली ओटी परत! माहेरची! असं कुणी करतं का? विधवा झालेली बाईसुद्धा करत नाही. मी त्यांना जा म्हटलं. ते गेले, पण माणूस खोटं बोलत नव्हता, तेवढं कळतं मला.

१७ जानेवारी

पंचायत समितीच्या निवडणुका लागणार. तिकडच्या गणातून साहेबांनी दादाला तिकीट दिलं. पेढे आले घरी. प्राचीनं खाल्ले. मी नाही खाल्ला.

का नाही खाल्ला? माहीत नाही. राग माळाचा, पेढ्यावर काढला.

२ फेब्रुवारी

वहिनीला चोरून भेटले, बाजारात, भाजीच्या गर्दीत. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वन्सं, तुमी वटी परत केली तर तुमचं येनंजानं कसं ऱ्हाईल? लोक काय म्हनतील, भावानं काय कमी केलं?" मी म्हटलं, साळुबाई खुबा मोडून पडलीय. तिनं कोथिंबिरीची एक जुडी माझ्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, "ह्यास्नी मी सांगून ठिवते. तुमी या."

दादाकडून निरोप आला — 'येऊ दे.' एवढाच. मला वाटलं होतं तो येऊन भांडेल. म्हणेल, अंजे, डोकं फिरलंय का तुझं? त्यानं भांडायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी

केलं.

शेंदूर लावलेला शिवेचा दगड, ओढ्याच्या जुन्या पात्रात. इकडे आमचं गाव, तिकडे त्यांचं. हे निवडणुकीचे दिवस, तरी कुणाच्या तोंडून घोषणा नाही. देवघरातलं गाठोडं सोडलं तर गव्हात किडे झालेले. नारळ सुकून हलका. लुगडं तेवढं नवं, घडीसुद्धा मोडलेली नाही. माती रुमालातच.

मी दगडापाशी ठेवायला वाकले तर भिकाजीराव मागून म्हणाले, "हातात द्या. ठिवायचं न्हाई." म्हणून दादाच्या हातात दिलं. वहिनी पुढे आलीच नाही, बाभळीखाली तोंड फिरवून उभी होती.

दादा रडला. सगळ्यांदेखत, फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत. "बहिनीनं दिलं, मी घेतलं. गावासाटी तिनं केलं. माजं काय म्हननं न्हाई." दोन्हीकडची माणसं हळहळली. आमच्याकडचीसुद्धा! एक म्हातारा म्हणाला, "काय भाऊ हाय!" बहिणीबद्दल कुणी काही म्हटलं नाही.

मी रडले नाही. तिथे नाही. घरी येऊन चुलीपुढे बसले तेव्हा प्राचीनं माझ्या हातातून फुंकणी काढून घेतली आणि स्वतः भाकरी टाकल्या. जाड झाल्या. खाल्ल्या.

४ मार्च

ठराव झाला! भिकाजीरावांनी स्वतः मांडला. शब्दावरून घासाघीस झाली, शेवटी मी सांगितलं तसं लिहिलं: दोन्ही गावांचा माळावरचा दावा आहे तसा ठेवून सबस्टेशनला हरकत नाही. कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही. आंबेदऱ्यातही तोच ठराव, तसाच. धनगरांच्या मेंढरांना वाट सोडावी हेही घातलं. चिमाबाईला जाऊन सांगितलं. "लिवलं का?" म्हणाली. लिहिलं म्हटलं.

इंजिनिअरच्या टेबलावर दोन्ही ठराव ठेवले. तो जरा चमकला. म्हणाला, "मिटलं? खरंच मिटलं?" कागदांकडे बघत राहिला. मी म्हटलं, मुदतीच्या आत आहे. "हो, हो. वर पाठवतो."

मला वाटलं तो खूश होईल.

१६ मार्च

दादा निवडून आला. आंबेदऱ्यानं भरभरून मतं दिली, पण आजूबाजूच्या गावांतूनही मतं पडली. "बहिनीला माळ देनारा मानूस" म्हणून प्रचार झाला म्हणे, आणि शिवेवरच्या रडण्याची गोष्ट पार बोरीपर्यंत गेली होती.

चांगलं झालं. माझा भाऊ आहे. आता पंचायत समितीतून तोही जोर लावील.

१२ एप्रिल

वीज ऑफिस. "वर आहे."

३० एप्रिल

वीज ऑफिस. "वरच आहे." इंजिनिअरची बदली झाली. शिपायानं खुर्ची दिली नाही.

९ मे

साळुबाई काठीवर चालायला लागली. आमच्या दारापर्यंत आली. "कवा येतंय सबस्टेशन?" ह्या वेळेला चेष्टा केली नाही तिनं. खरंच विचारलं. मी म्हटलं, पावसाच्या आत खड्डे तरी घेतील.

माळावर जाऊन आले. खड्डा सोडा, चुन्याची रेघसुद्धा नाही. बिरदेव मेंढरं घेऊन बसला होता. म्हणाला, "भाऊ, गाडी न्हाई, मानूस न्हाई, कोन बी आलं न्हाई." सरपंचालाही भाऊच म्हणतो तो.

२७ मे

चुलतजावेची लेक राजुरीला दिलीय, तिच्याकडच्या लग्नाला गेले. तिथे थ्री फेज दिवसा! पंखे गरगरतायत, मिक्सर चालू, कुणाला त्याचं काही नाही. मी पंगतीत बसून पंख्याकडेच बघत होते. वाढप्यानं विचारलं, "पावनं, बुंदी की जिलबी?" मला ऐकूच आलं नाही.

११ जून

नवा इंजिनिअर. मध्यमवयीन, घाईत. मी माळाचं नाव घेतलं तर कपाटातून फाइल न काढताच म्हणाला, "ते सबस्टेशन? ते केव्हाच वळवलं की. काम निम्मं झालं तिकडे." कुठे? साहेबांच्या व्याह्यांच्या गावाला. केव्हा ठरलं? "गेल्या दसऱ्याला. ऑर्डर तेव्हाचीच आहे."

गेल्या दसऱ्याला! म्हणजे मंगल कार्यालयात साहेब शब्द देत होते तेव्हा नव्हतंच. साळुबाई पडली तेव्हा नव्हतं. शिवेवर मी गाठोडं सोडलं तेव्हा नव्हतं. नसलेल्या वस्तूसाठी दोन गावं आम्ही महिनोन्महिने भांडलो, आणि मिटलं नसतं तर साहेब म्हणणारच होते — मी काय करू, गावांचंच मिटत नाही. आम्ही मिटवलं, हीच आमची चूक झाली. पहिल्या इंजिनिअरच्या चेहऱ्याचा अर्थ आता लागला.

मी काय बोलले आठवत नाही. मोठ्यानं बोलले असणार, कारण बाहेरची माणसं आत येऊन बघत होती.

१२ जून

भिकाजीरावांना सांगितलं. पहिल्यांदाच ते उठले नाहीत. बसल्या जागी म्हणाले, "तुमची वटी उगा गेली, बाई." 

त्यांच्याकडून ऐकायची माझी तयारी नव्हती. मी लवकर निघून आले.

उद्या आंबेदऱ्याला जाणार. दादाला सांगायला हवं. तो आता पंचायत समितीत आहे, तो हे चालू देणार नाही. आम्ही दोघं मिळून साहेबांच्या दारात जाऊन बसू. माझं येणंजाणं बंद झालं असेल, तोंड तर बंद नाही.

१३ जून

दादाला ठाऊक होतं. दसऱ्यापासूनच. "साहेबांनी सोनं देताना मलाच पयलं सांगितलं. निवडनूक व्हईस्तवर बोलू नगंस म्हनले."

म्हणजे भाऊबीजेच्या आधी. माझ्या पदरात माती घातली तेव्हा, त्या माळावर काहीच येणार नाही हे त्याला माहीत होतं. मी विचारलं, मग दिलास कशाला?

"म्हनून तर देता आला, अंजे."

हसून नाही म्हणाला, वरमूनही नाही. अगदी खरं सांगितलं, लहानपणी सांगायचा तसं. त्याच्या मनात खोट असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.